न चाखता दिलेली पावती

मार्गळी लागली की आमच्या गल्लीत पहाटे दोन आवाज येतात. कोपऱ्यावरच्या देवळातला भोंगा आणि समोरच्या फाटकाशी फिरणारा झाडू. झाडूनंतर सड्याच्या पाण्याचा सपकारा. त्यानंतर जे होतं त्याला आवाज नसतो. बोटांच्या चिमटीतून पांढरी पूड सुटत जाते आणि ओल्या जमिनीवर कोलम उमटत जातं. मी कॉफीचा पेला घेऊन बाल्कनीतून बघत असते. खालून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर कानटोपी. नाशिकला, माझ्या माहेरी, अशा हवेत लोकांनी पंखे बंदसुद्धा केले नसते. पण इथे मद्रासला राहून राहून मलाही आता मार्गळीत शाल लागते.

मार्गळी म्हणजे साधारण आपला मार्गशीर्ष, थोडा पौषात शिरलेला. पावसानं भिजलेल्या भिंती नुकत्या वाळत असतात. देवळात पानाच्या द्रोणात गरम पोंगल, म्हणजे तांदूळ-मुगाची मऊ खिचडी, मिळतो आणि त्यातल्या मिऱ्यांचा नि तुपाचा वास आमच्या जिन्यापर्यंत चढतो. संध्याकाळी टी. नगरच्या बाजूला गाण्याच्या सभा भरतात. रेशमी साड्या नेसलेल्या बायका आधी कॅन्टीनच्या रांगेत दिसतात आणि मग सभागृहात. हा महिना मला फार आवडायचा. ‘आवडायचा’ असं लिहून गेले, ते आता खोडत नाही. गेल्या वर्षापासून मार्गळीचा वास आला की आधी माझी चूक आठवते आणि भूक मग लागते.

यंदा मार्गळीच्या पाठोपाठ मिथिला, तुझा मेसेज आला. “आजी, चाचणीची नवी आवृत्ती आलीय. लावून बघशील? नाही म्हणालीस तरी चालेल.” गेल्या वर्षी तू हे शेवटचं वाक्य लिहिलं नव्हतंस. ते का लिहिलंस, तेही मला कळलं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहून काढावं. तुला यातलं अर्धं माहीत आहे. अनिकेत, तुला काहीच माहीत नाही.

अनिकेत, कर्नल म्हणजे काय ते तुला माझ्याकडूनच ऐकावं लागणार, कारण तुझी बहीण सांगायला लागली की पाचव्या वाक्याला आपण हरवतो. कॉम्प्युटरवर आपल्याला दिसतात ते प्रोग्रॅम. त्यांच्या खाली, यंत्राच्या अगदी अंगाशी, एक न दिसणारा भाग असतो, तो कर्नल. आपण गाणं लावलं की ते स्पीकरपर्यंत पोचवतो तो. आपण बोललो की माइकमधून तो आवाज आत घेतो तो. कॉम्प्युटर झोपवून पुन्हा उठवला की त्याच्या एकेका भागाला ‘अरे, तुझं काम हे’ अशी आठवण करून देतो, तोही तोच. जगभरातली माणसं मिळून हा कर्नल लिहितात, आणि पक्कं करून सोडण्याआधी त्याची चाचणीची आवृत्ती खुली ठेवतात. कुणीही आपल्या घरी लावून बघावी आणि काय बिघडलं ते कळवावं. लिहिणाऱ्यांकडे सगळ्या जातीची यंत्रं थोडीच असतात?

तुमचे ताता, इथल्या भाषेत आजोबा, पहिल्या दिवसापासून त्याला कर्नलसाहेब म्हणतात. “आज कर्नलसाहेबांची तब्येत कशी आहे?” असं विचारत कॉफी पितात.

मिथिला इथे पेरुंगुडीच्या ऑफिसात होती आणि आमच्याकडेच राहायची, तेव्हा हॉलमधला कॉम्प्युटर तिनं सगळा नव्यानं लावून दिला. आता ती हॅम्बुर्गला असते आणि कर्नलमधल्या आवाजाच्या भागातल्या चुका दुरुस्त करते. गेल्या मार्गळीत तिनं जी चूक दुरुस्त केली, ती आमच्यासारख्या जुन्या कॉम्प्युटरांतली. झोपून उठले की त्यांचे स्पीकर मुके व्हायचे, माइक मात्र चालायचा. तसला कॉम्प्युटर तिच्याजवळ तिथे नव्हता, माझ्या हॉलमध्ये होता, विणलेल्या आच्छादनाखाली.

“आजी, तुझ्याइतकं नीटनेटकं कोण तपासणार?” असं ती म्हणाली. हे वाक्य मला वर्षभर पुरलं आहे, चांगल्या अर्थानं नव्हे.

त्या कॉम्प्युटरचा खरा मालक मात्र दुसराच होता. सकाळी मी त्यावर मेल बघायची, बिलं भरायची आणि वीज वाया जाऊ नये म्हणून त्याला झोपवून उठायची. दुपारी जेवणानंतर ताता त्याच्यासमोर बसायचे. निवृत्तीनंतर त्यांनी दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून द्यायला सुरुवात केली. माइकसमोर धडा वाचायचा, तो साठवायचा आणि मुलांना पाठवायचा. गेल्या वर्षी ते मलर नावाच्या एका मुलीसाठी इतिहास वाचत होते. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. ताता हॉलचं दार लावून घ्यायचे, पंखा बंद करायचे, कपाळावर रुमाल ठेवून घाम टिपायचे आणि वाचायचे. कंपवातानं त्यांचे हात थरथरायला लागले होते, पान उलटायला वेळ लागायचा. डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, “हळूहळू आवाजही बारीक होत जाईल. रोज मोठ्यानं वाचा. जितकं वाचाल तितका टिकेल.” म्हणजे मलरला तो धडा होता आणि तातांना ते औषध. घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती, असं मला कुणी तेव्हा विचारलं असतं, तर मी फ्रिज म्हटलं असतं. तो माइक आहे, हे मला तो बंद पडल्यावर कळलं.

आता थोडं माझ्याबद्दल. मी मिशनच्या शाळेत शिकले, पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, आणि मी मद्रासच्या मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल घेतली. बाटल्यांची तोंडं एका दिशेला, चिकटवलेली नावं पुढे. एखाद्या मुलीनं न घेतलेलं रीडिंग लिहून आणलं तर ते मला बघताक्षणी कळायचं. खोटी रीडिंग फार शहाणी असतात, एका रेषेत बसतात. “पुन्हा कर,” म्हणायची मी. मुली म्हणायच्या, “मिस, बस जाईल!” मी म्हणायची, “दुसरी येईल.”

असल्या बाईला लग्नानंतर पहिला धक्का कुणी दिला? सासूबाईंच्या स्वयंपाकघरानं. आमचं सासर तंजावूरकडचं, पिढ्यान् पिढ्या तमिळ देशात राहिलेलं मराठी घर. सासूबाईंची मराठी तमिळच्या चालीवर हेलकावे खात यायची आणि मला पहिले सहा महिने ती गाण्यासारखी नुसतीच ऐकू यायची. सणाच्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत काहीही चाखायचं नाही, हा त्यांचा नियम. तसा तो माझ्या माहेरीही होता, पण तिथे आई पाठ वळवून जिभेला बोट लावायची. इथे ते चालत नव्हतं. मी चमचा उचलला की सासूबाई म्हणायच्या, “अगो, देवाला उष्टं देणार? वास घे. रंग बघ. मीठ हाताला कळतं.”

माझ्या हाताला कळलं नाही. माझ्या पहिल्या पोंगलच्या सणाला मी तांदूळ-मुगात मीठ दोनदा घातलं. पंगतीत कुणी शब्द काढला नाही. सासरे ताक ओतून ओतून जेवले. तुमचे ताता मात्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणाले, “मीठ दोनदा पडलंय.” मी रडवेली झाले, तर म्हणाले, “कुणीतरी सांगायला नको? उद्या मी सांगेन, कसं झालंय ते. खरं तेच सांगेन.”

ते त्यांनी पाळलं. तेव्हापासून प्रत्येक सणाला पहिला घास ते घेतात, मी वाढणं थांबवून उभी राहते आणि ते निकाल सांगतात. “मीठ बरोबर आहे.” कधी “कमी आहे.” मला बरं वाटावं म्हणून त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही. त्यांच्या ‘बरोबर आहे’ला म्हणूनच किंमत. मला वाटतं, आमच्या संसारातलं हेच सगळ्यात जुनं संभाषण.

मिथिलाची चाचणी तीन गोष्टींची होती. कॉम्प्युटर झोपवायचा, उठवायचा आणि स्पीकर ऐकायचा. पुन्हा झोपवायचा, उठवायचा, हेडफोन ऐकायचे. आणि तिसऱ्यांदा, माइकमध्ये बोलून ते ऐकायचं. “आणि आजी, जुनी आवृत्ती काढू नकोस हं. काम झालं की तिच्यावरच परत जा.”

मार्गळी संपता संपता भोगी येते. माहेरी भोगी म्हणजे तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी. इथे भोगी म्हणजे घरातलं जुनं बाहेर काढणं. पहाटेपासून गल्लीत धूर असतो, मुलं लहानशा ढोलक्या बडवत फिरतात, आणि प्रत्येक घर चटया, केरसुण्या, फुटक्या टोपल्या दारात आणून टाकतं. मी त्या दिवशी जुने डबे काढले, विरलेले पडदे काढले, आणि कॉम्प्युटरसमोर बसले तर तिथे कर्नलच्या दोन आवृत्त्या. घरात एकाच कामाच्या दोन वस्तू मला बघवत नाहीत. भोगीच आहे म्हटलं, आणि जुनी काढून टाकली. चाचणी पुरी व्हायच्या आधीच. असली चूक दुसऱ्या कुठल्या गावची आजी करेल, असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पोंगल, आपली संक्रांत. गॅसवर दूध चढवलेलं, ते उतू जायची वाट बघायची, उतू गेलं की शुभ. फाटकाला ऊस टेकवलेला, भांड्याच्या गळ्यात ओल्या हळदीचं रोप बांधलेलं. तेवढ्यात मिथिलाचा मेसेज. “आजी, आज तुझं उत्तर आलं तर माझी दुरुस्ती या फेरीत जाईल.” मी पदर खोचून हॉलमध्ये गेले. कॉम्प्युटर झोपवला, उठवला, नागस्वराची, म्हणजे इथल्या सनईची, एक ध्वनिफीत लावली. हॉल दणाणला. इतका सुरेख, इतका भरघोस की ताता आतून म्हणाले, “कुणाचं लग्न?”

मला वाटलं, आवाज बाहेर येतोय तर आतही जात असेल. वास चांगला आहे, रंग चांगला आहे. दूध वर यायला लागलं होतं. हळदीच्या बोटांनी मी टाइप केलं, “तिन्ही तपासलं. सगळं नीट.”

या कामाची एक रीत आहे. ज्यानं दुरुस्ती तपासली, त्याचं नाव तिच्याखाली लिहिलं जातं. ते तिथे कायम राहतं. मिथिलानं त्याचा फोटो पाठवला. इंग्रजीत ‘तपासणारी’ आणि पुढे माझं पूर्ण नाव. मी तो शेजारी दाखवला, बहिणीला नाशिकला पाठवला. त्या दिवशी ताटावर बसून तातांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “मीठ बरोबर आहे.” मला वाटलं, आज सगळंच बरोबर आहे.

पोंगलनंतरच्या दुपारी मी आतल्या खोलीत पडायची. बंद दाराआडून तातांचं वाचन ऐकू यायचं. मला जाणवलं की ते दिवसेंदिवस अधिक मोठ्यानं वाचताहेत. एखादं वाक्य तीन-तीनदा. मध्ये खोकला, पाण्याचा घोट, पुन्हा तेच वाक्य, आणखी वरच्या पट्टीत. मी उशीवर डोकं ठेवून समाधानानं विचार केला, डॉक्टर खूश होतील. हे मला आठवतं तेव्हा मी आजही कूस बदलते. ते ओरडत होते, कारण यंत्र त्यांना ऐकत नव्हतं. आणि मी ते अंगाईसारखं ऐकत झोपी जात होते.

मग एका संध्याकाळी मलरचा फोन आला. तातांचा हात फोन कानाशी धरताना हलतो म्हणून ते तो टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलतात. मी भाजी निवडत तिथेच बसले होते.

“सार,” मलर अडखळत म्हणाली, “रागावू नका. कालचा धडा नीट ऐकू येत नाही. परवाचाही.”

“आवाज वाढवून बघ मा.”

“पूर्ण वाढवलाय, सार. तुम्ही कुठेतरी लांब बसून वाचताय असं वाटतं. सार, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे, बरी आहे. परत वाचून पाठवतो.”

त्यांनी फोन बंद केला. मग त्यांनी विचारलं, “अगो, माझा आवाज गेला का?”

मी हातातली गवार खाली ठेवली नाही. मी म्हणाले, “थोडा कमी झालाय खरा. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. सरी, आता विश्रांती घ्या थोडी.”

सरी म्हणजे तमिळमध्ये ‘बरं’, ‘ठीक’. आमच्या घरात दिवसातून शंभरदा उच्चारला जाणारा शब्द. दळण आलं, सरी. पाणी गेलं, सरी. त्याच चालीवर मी त्यांचा आवाजही ‘सरी’ करून टाकला.

त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी हेडफोन खोक्यात गेले, माइकवर रुमाल पडला. दुसरा वाचक बघा, असं त्यांनी संस्थेला कळवलं. मलरचं इतिहासाचं पुस्तक, खूण घातलेली तशीच, कपाटावर गेलं. आणि घर फार शांत झालं. कॉफी हवी असली की ते नुसता पेला वर करायचे. दार वाजलं तर मान हलवायचे. पुढच्या तपासणीला डॉक्टर वैतागले. “वाचन का थांबवलंत? आता खरंच उतरलाय आवाज.” ‘आता खरंच’ या शब्दांशी मी तेव्हा थांबायला हवं होतं. थांबले नाही.

अनिकेत, या गोष्टीत तू कुठे येतोस, तर इथे. मासी महिन्यात, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनात, तुझा वाढदिवस. कडुलिंब फुलला होता, बाल्कनीभर बारीक पांढरी फुलं. तुला शुभेच्छा बोलून पाठवाव्यात म्हणून मी माइकवरचा रुमाल काढला आणि बोलले. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. प्रयोगशाळेत बर्नर चालू असताना शेवटच्या टेबलापर्यंत जायचा. मी ध्वनिमुद्रण लावलं, तर विहिरीच्या तळाशी कुणीतरी कुजबुजत होतं.

मग कॉम्प्युटर पूर्ण बंद केला, चालू केला, बोलले. आवाज खणखणीत. झोपवला, उठवला, बोलले. कुजबुज. पुन्हा बंद, चालू. खणखणीत. पुन्हा झोप. कुजबुज. मार्गळीत करायची चाचणी मी मासीत केली. आणि मला आठवलं की रोज सकाळी काम झाल्यावर त्या कॉम्प्युटरला झोपवून उठणारी मीच. तातांच्या हाती तो दर दुपारी झोपेतून उठलेलाच यायचा.

ते बाल्कनीत खुर्चीवर होते, मांडीवर वर्तमानपत्र. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“अहो, तुमचा आवाज गेला नव्हता.”

त्यांनी मान वळवली. “मग कुणाचा?”

“कॉम्प्युटरचा. झोपून उठला की त्याचा माइक मंद होत होता. ते मी तपासायचं होतं. तपासलं नाही आणि तपासलं म्हणून मिथिलाला कळवलं.”

मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. “म्हणजे कर्नलसाहेबांनी माझा घसा बसवला म्हण.” ते हसले. मी हसायचा प्रयत्न केला. वर्तमानपत्राची घडी घालता घालता ते म्हणाले, “पण अगो, मी विचारलं तेव्हा तू लगेच सरी म्हणालीस.”

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवता आलाही नसता.

मिथिला, त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला तो हा. तू माइकबद्दल ऐकलंस आणि म्हणालीस, “अगं आजी, चाचणीची आवृत्ती असते कशाला? चुका सापडायला. चूक माझी, सापडली तुला. एवढं काय!” मी म्हटलं, “ते माझं नाव काढून टाक.” तू म्हणालीस, “गेलेलं पुसता येत नाही. पण नव्या दुरुस्तीखाली पुन्हा तुझं नाव येईल, चूक कळवणारी म्हणून.” ते आलंही. म्हणजे जगाच्या त्या भल्यामोठ्या कामात माझं नाव दोन ठिकाणी आहे, एकदा खोटं, एकदा खरं. तुला तातांचं काही सांगितलं नाही, कारण ते शेजारी बसले होते आणि त्यांनी मान हलवून ‘नको’ म्हटलं होतं. यंदा मी त्यांना विचारलं, आता लिहू का? म्हणाले, “लिही. खरं तेच लिही.”

मी सासूबाईंच्या नियमाला दोष देत नाही. न चाखलेल्या नैवेद्यात खोटं काही नसतं. तो चाखलेला नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, देवालासुद्धा. आणि पहिला घास घेणारा कुणीतरी खरं सांगायला बसलेला असतो. माझी चूक न चाखण्याची नव्हती. चाखलं म्हणून सांगण्याची होती. आणि तीही मिथिलाला दिलेल्या त्या एका पावतीपुरती असती, तर मी कधीच विसरले असते. दुसरी पावती मी माझ्या नवऱ्याला दिली, गवार निवडता निवडता. बंद दाराआडून तो आवाज मला रोज ऐकू येत होता. एक दिवस उठून हॉलमध्ये त्यांच्यासमोर बसले असते आणि ऐकला असता, तर सांगता आलं असतं, “अहो, तुम्ही नीट ऐकू येताय, यंत्र बघू या.” पण यंत्र माझ्या नातीनं दुरुस्त केलेलं आणि मी पास केलेलं. आणि म्हातारा माणूस तर बिघडणारच. किती सहज पटलं मला! तुम्हा मुलांना मी कायम सांगते की घाईनं निष्कर्ष काढू नका. घाई मला नव्हतीच. मला ते आधीच ठाऊक होतं, ही खरी लाज.

मधल्या काळात माइक नीट झाला, पण ताता त्याच्यासमोर बसले नाहीत. मलर पास झाली. पुढच्या परीक्षांचा अभ्यास करते, कधी कधी फोन करते. “सार, नव्या मॅडम इतकं भरभर वाचतात, जणू त्यांचीच बस चुकतेय.” ताता हसतात. मी म्हणते, “मग वाचा ना तिच्यासाठी.” ते हात हलवतात. “पोदुम.” पुरे झालं.

तर परवा मी यंदाची आवृत्ती लावली. जुनी काढलेली नाही. भोगी येईल तेव्हा डबे काढीन, तिला हात लावणार नाही. पहाटे उठून पोंगल केला, देवाला दाखवला, द्रोणात घालून तातांच्या हाती दिला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. झोपवला, उठवला, स्पीकर. झोपवला, उठवला, हेडफोन. राहिला माइक. माझ्या आवाजानं चाचणी पुरी झाली असती. तरी मी हाक मारली.

“अहो, जरा इकडे या.”

ते द्रोण घेऊनच आले. हात हलत होता, पण सांडलं नाही.

“या माइकमध्ये काहीतरी बोला.”

“पोदुम मा. तूच बोल.”

“माझं बोलणं नको. तुमचं हवंय.”

मी खुर्चीवरून उठले. मग ते बसले, द्रोण कीबोर्डाशेजारी ठेवला. एरवी मी ठेवू दिला नसता. “काय बोलू?”

“काहीही.”

“कर्नलसाहेब ऐकताहेत ना?”

“तेच बघायचंय.”

त्यांनी बोटांनी एक घास घेतला. सावकाश चावला, गिळला. घसा साफ केला आणि माइकजवळ झुकून म्हणाले, “मीठ थोडं कमी आहे.”

मी ते लावलं. आवाज बारीक होता, शेवटच्या शब्दाला थरथरला, पण जवळून आला. माणूस समोर बसून बोलतो तसा. माझ्या जिभेवर शब्द आला होता. त्यांनी तो बघितला असावा.

“झोपव त्याला परत,” ते म्हणाले. “एकदाच ऐकून सरी म्हणू नको.”

मी कॉम्प्युटर झोपवला. पडदा काळा झाला आणि त्यात आम्ही दोघं दिसायला लागलो, ते खुर्चीत, मी मागे उभी. खाली गल्लीत कुणीतरी कोलम पुसलं जाईल म्हणून सायकलवाल्यावर ओरडत होतं. ताता द्रोणातला पोंगल संपवत होते, कमी मिठाचा. आम्ही वाट बघत बसलो, तो नीट झोपेपर्यंत.

मग उठवला, ते बोलले, मी ऐकलं. पुन्हा झोपवला. पुन्हा.

संध्याकाळी तुला पाठवलेला अहवाल हा असा होता, मिथिला. त्यातलं शेवटचं वाक्य तुला कळलं नसेल. “स्पीकर, हेडफोन, माइक, तिन्ही झोपेनंतर तपासले. माइक नीट चालतो. तातांचा आवाज थोडा कमी येतो. तो दोष यंत्राचा नाही.”